केबल नको म्हणणं सोपं आहे

एका भाऊंनी विचारलंय की जुनी अणुभट्टी तोडायला रोबोट पाठवताच आहात, तर मागे केबलचं शेपूट कशाला, वायरलेस करून टाका. तेवढ्यानं भागत नाही. किरणोत्सार अडवायला बांधलेल्या जाड काँक्रीटच्या भिंती रेडिओ सिग्नलही अडवतात. शिवाय मशीन बंद पडलं तर केबल धरून ओढून काढायची निदान आशा असते. पण केबलच दगा देते हेही खरं. जपानमधल्या फुकुशिमा या अपघातग्रस्त अणुप्रकल्पात ऑक्टोबर २०११ मध्ये क्विन्स नावाचा रोबोट केबल निकामी झाल्यामुळे दोन नंबरच्या अणुभट्टीच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर तसाच सोडून द्यावा लागला.

आमच्या यावल-रावेरकडे केळीपायी बोअर खोल खोल गेलेत, आणि त्यात कॅमेरा सोडून तपासायचं काम मी करतो. खाली सोडणं कोणालाही येतं, कसब लागतं वर घेताना. केबल केसिंगला (बोअरमध्ये बसवलेल्या पाइपला) घासायला लागली की आधी हाताला कळतं, पडद्यावर काहीच दिसत नाही. तिथे जोर लावला की कॅमेरा गेलाच (आणि शेतमालक शेजारी उभा, "भाऊ, पाणी दिसलं का?"). रोबोट चालवणारा मात्र दूर स्क्रीनसमोर बसलेला असतो, त्याला हा हात कुठून मिळणार?

बाकी सगळा दोष यंत्राचाच असतो असंही नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये फुकुशिमातलं वितळलेलं इंधन काढायचा पहिला प्रयत्न थांबला, तो यंत्र आत ढकलायचे पाइप माणसांनी चुकीच्या क्रमाने लावल्यामुळे. नोव्हेंबरात नमुना निघाला, एक ग्रॅमपेक्षाही कमी. तिथल्या तीन अणुभट्ट्यांत मिळून अंदाजे ८८० टन आहे.