डबा परत येतो त्याबद्दल

वर कुणीतरी लिहिलंय, मुलांना शाळेच्या डब्यात फळं दिली की डबा जसाच्या तसा परत येतो. आमच्याकडेही यायचा. लेक दुसरीत, ठाण्यातच शाळा. एकदा खोदून विचारलं तर म्हणाला, "आई, सफरचंद काळं पडतं, मग सगळे ईईई करतात." तेव्हापासून फोडींना लिंबू चोळते, घाई असली की सरळ केळं. राजगिऱ्याचा लाडू मात्र कधीच परत येत नाही (अर्धा बाकावरचा दोस्त खातो, ते सोडा).

खरी डोकेदुखी गेटबाहेर. एफएसएसएआयच्या (देशाची अन्नसुरक्षा बघणारी सरकारी संस्था) २०२० च्या नियमांप्रमाणे शाळेच्या गेटापासून ५० मीटरच्या आत मुलांना जास्त तेल-मीठ-साखरेचे पदार्थ विकता येत नाहीत. आमच्या गेटापासून वेफर्सच्या माळा लटकवलेली टपरी वीस पावलांवर. शनिवारी मोजली मी.