आर्गोस एकवचनी की अनेकवचनी?

मंदार: दक्षिण ग्रीसमधल्या पेलोपनीज द्वीपकल्पातलं आर्गोस हे गाव ग्रीकमध्ये नपुंसकलिंगी, एकवचनी. लॅटिनमध्ये प्रथमा-द्वितीयेला 'आर्गोस' चालतं, पण पुढे एकदम पुल्लिंगी अनेकवचन: षष्ठीला 'आर्गोरुम', 'आर्गोसमध्ये' म्हणायला 'आर्गिस'. माझ्या मते ही रोमनांची सरळ गफलत आहे. '-ओस' हा त्यांच्याकडे पुल्लिंगी अनेकवचनी द्वितीयेचा प्रत्यय. ग्रीक नावाचा शेवट तसाच वाटला आणि 'आर्गी' ही प्रथमा मागाहून बनवली. लॅटिन शिकवताना हे स्पष्ट सांगायला हवं.

सुनेत्रा: अजिबात पटलं नाही. अथेन्स, थीब्ज, डेल्फी ही नावं खुद्द ग्रीकमध्येच अनेकवचनी. लॅटिनने ती तशीच घेतली. आर्गोस त्याच रांगेत जाऊन बसलं, इतकंच. शिवाय लॅटिनमध्ये गावाच्या नावाआधी 'इन' (मध्ये), 'आद' (कडे) लावत नाहीत. 'रोमाम' म्हणजे रोमला, 'अथेनिस' म्हणजे अथेन्समध्ये. सगळी भिस्त विभक्तीवर, आणि नपुंसकलिंगी 'आर्गोस'ला तर प्रथमा-द्वितीयेपलीकडे रूपंच नाहीत! 'अथेनिस'च्या जोडीला 'आर्गिस' किती सहज येतं. अडचण सोडवणाऱ्या रूपाला चूक का म्हणायचं?

मंदार: सोय झाली हे मान्य. पण रोमन कवी होरेसकडे बघा. इ.स.पू. 23 मध्ये आलेल्या त्याच्या 'ओड्स' या कवितासंग्रहात (1.7) घोड्यांना साजेसं आर्गोस 'आप्टुम' आहे, म्हणजे एकवचनी. जाणकार मूळ रूप सांभाळत होते.

सुनेत्रा: मग व्हर्जिल जाणकार नव्हता का? त्याच्या 'इनीड' महाकाव्याच्या 10व्या सर्गात दुसऱ्यावर फेकलेल्या भाल्याने आंतोरेस हा योद्धा पडतो आणि मरताना त्याला 'डुल्किस आर्गोस' आठवतं, गोड आर्गोस. हे 'डुल्किस' म्हणजे 'डुल्केस'चंच दुसरं रूप, द्वितीया अनेकवचन. नपुंसक एकवचनी 'डुल्के' तिथे घालून बघा, वृत्त मोडतं. हा व्हर्जिल होरेसचाच समकालीन!

वैदेही: पाणिनीकडेही असंच आहे. वरण नावाच्या झाडांजवळचं नगर ते 'वरणाः', एक नगर पण नाव अनेकवचनी (सूत्र 4.2.82). आणि 1.2.53 मध्ये तो म्हणतो, 'तदशिष्यं संज्ञाप्रमाणत्वात्'. नावांत रूढीच प्रमाण, लिंग-वचन वेगळं शिकवायला नको. मी सुनेत्राताईंच्या बाजूने.

मंदार: पाणिनीबद्दल वाद नाही. पण प्रथमा 'आर्गोस' आणि षष्ठी 'आर्गोरुम' बघून विद्यार्थी 'असं का?' विचारणारच, आणि 'रूढी' एवढ्या उत्तरावर त्याची बोळवण करणं मला मंजूर नाही. गफलत हा शब्द खटकत असेल तर निदान होरेस आणि व्हर्जिलच्या त्या दोन ओळी धड्यात शेजारी-शेजारी द्या.

सुनेत्रा: ओळी जरूर द्या. 'गफलत' मात्र नको.