पेट्रोलचा दिवा लागल्यावर घाट चढावा का?

प्रश्न
नमस्कार. गेल्या रविवारी माणगावहून ताम्हिणीमार्गे पुण्याला परतताना निजामपूर सोडल्यावर पेट्रोलचा पिवळा दिवा लागला. पडद्यावर ८५ किलोमीटरचा आकडा दिसत होता, त्यामुळे पौडपर्यंत सहज पोहोचू असे वाटले. परंतु घाट सुरू होताच तो आकडा भराभर उतरू लागला आणि ५८ वर आला असताना एका वळणावर गाडीने दोन आचके दिले. सोबत वयस्कर आई-वडील होते, म्हणून गाडी वळवून माणगावला परत आलो आणि टाकी भरली. माझे चुकले का, आणि अशाने गाडीचे नेमके काय नुकसान होते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १
आपण परत फिरलात हे उत्तम केलेत. पडद्यावरचा आकडा हा अंदाज असतो. गाडीने अलीकडे जे ॲव्हरेज दिले, त्यावरून उरलेले पेट्रोल किती किलोमीटर पुरेल हे त्यात काढलेले असते. महामार्गावर लिटरला १८ देणारी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढताना ८-९ वर येते, त्यामुळे खालच्या सपाट रस्त्यावरचा हिशेब वर लागू पडत नाही.

आचक्यांबद्दल सांगायचे तर, इंजेक्शनच्या, म्हणजे इंजिनात पेट्रोल दाबाने फवारणाऱ्या गाड्यांत पेट्रोलचा पंप टाकीच्या आतच असतो. चढावर आणि वळणावर उरलेसुरले पेट्रोल एका बाजूला सरकते. पंपाभोवती थोडे पेट्रोल धरून ठेवणारी वाटी असते खरी, पण पेट्रोल फारच कमी असेल तर तीही रिकामी होऊन पंप हवा ओढतो. हा पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो आणि त्याला वंगणही त्याचेच मिळते. एकदा असे घडल्याने काही बिघडत नाही; मात्र कायम रिझर्व्हवर गाडी चालवण्याची सवय असेल, तर पंप वेळेआधी जाण्याची शक्यता वाढते. तरीही टाकी भरल्यानंतर आचके येत असतील, तर मेकॅनिकला अवश्य दाखवावे.

प्रतिसाद २
पेट्रोल वाचवण्यासाठी घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे किंवा इंजिन बंद करणे, हे कृपया कोणीही करू नये. गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, तर इंजेक्शनचे इंजिन पेट्रोल घेणे जवळजवळ थांबवते. न्यूट्रलमध्ये मात्र ते चालू राहण्यासाठी पेट्रोल जळतच राहते. इंजिन बंद पडले, तर दोन-तीनदा ब्रेक दाबल्यावर पॅडल दगडासारखे कडक होते आणि स्टिअरिंगही जड होते. चालत्या गाडीत पेट्रोल संपलेच, तर किल्ली काढू नये, कारण स्टिअरिंग लॉक होऊ शकते. वेग आहे तोवर गाडी डाव्या कडेला घेऊन धोक्याचे दिवे लावावेत.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. टाकी तळाला गेली की गाळ इंजिनात जातो, असेही ऐकले आहे. ते खरे आहे का?

प्रतिसाद १
पंप नेहमीच टाकीच्या तळाकडून पेट्रोल ओढतो, त्यामुळे टाकी भरलेली असतानाही थोडाफार गाळ त्याच्याकडे येतच असतो, आणि तो अडवण्यासाठी जाळी व फिल्टर असतात. त्याची भीती बाळगू नये.

प्रतिसाद ३
डिझेल गाडीवाल्यांनी अधिक जपावे. डिझेल पूर्ण संपले की लाइनमध्ये एअर येते आणि नंतर डिझेल भरूनही पुष्कळ गाड्या लगेच सुरू होत नाहीत. फिल्टरजवळचा हातपंप दाबून एअर काढावी लागते. काही नव्या गाड्यांत तो हातपंपही नसतो, तेव्हा सतत स्टार्टर मारून बॅटरी उतरवण्यापेक्षा मेकॅनिकला बोलवावे.