सांगितलं की करतो, पण सांगावं लागतंच! घरातली समानता तुम्ही नेमकी कशी जमवलीत?

सांजवेळ:
लग्नाला अकरा वर्षं झाली, दोघंही नोकरी करतो, मुलगी आठ वर्षांची आहे. बाईमाणूस पुरुषमाणूस असलं काही मानायचं नाही हे लग्नाआधीच ठरलं होतं आणि नवरा खरंच मनापासून ते मानतो. भांडी घासतो, कपडे वाळत घालतो, लेकीचा अभ्यास घेतो. त्यामुळे कुणाजवळ तक्रार केली की समोरून लगेच येतं, अगं तुझं नशीब समज.

तर परवा लेक बाहुल्या घेऊन घर-घर खेळत होती. बाबा बाहुलीला उशीवर बसवलं होतं आणि आई बाहुली सारखी त्याच्या कानाशी जाऊन सांगत होती, कपडे काढ हं मशीनमधून, उद्या शाळेत रंग न्यायचेत हं. मी विचारलं, बाबाला आपलं आपण नाही का गं आठवत? तर म्हणाली, "बाबा चांगलाय, सांगितलं की लगेच करतो." मला तेव्हापासून चैन नाहीये. आठ वर्षांच्या पोरीला कळलंय की लक्षात ठेवणं आईचं काम.

आणि माझंही एक सांगते. मागे त्याने टॉवेलच्या घड्या घातल्या होत्या, मी त्या सगळ्या मोडून माझ्या पद्धतीने परत घातल्या, त्याच्यासमोरच. तो काही बोलला नाही, पण पुढच्या वेळी त्याने कपडे नुसते पलंगावर आणून टाकले. मला तेव्हा राग आला होता, आता वाटतं मीच त्याला बाहेर काढलं त्या कामातून.

ज्यांच्या घरात हे खरंच बदललंय त्यांनी सांगा ना, नेमकं काय केलंत? चांगला जोडीदार निवडा वगैरे नको, तो आहेच.

पाऊलखुणा:
ताई, टॉवेलचं वाचून अंगावर काटा आला, अगदी हेच मी केलंय.

तुम्ही जे म्हणताय त्यावर अ‍ॅलिसन डॅमिंजर या समाजशास्त्रज्ञ बाईंचा २०१९ चा अभ्यास आहे, ३५ जोडप्यांच्या मुलाखती घेऊन केलेला. त्यांनी घर चालवण्यातल्या डोक्याच्या कामाचे चार तुकडे पाडले, पुढे काय लागणार हे आधीच हेरणं, मग त्यासाठी पर्याय शोधणं, मग ठरवणं, आणि शेवटी ते झालं की नाही यावर नजर ठेवणं. यातलं ठरवायचं काम बहुतेक जोडपी मिळून करत होती, पण आधी हेरायचं आणि नंतर नजर ठेवायची ही दोन मुख्यतः बायकांकडे. मला हे वाचून एकदम लख्ख कळलं की नवरा खोटं बोलत नव्हता. त्याच्या दृष्टीने आम्ही सगळं मिळूनच ठरवत होतो! पण ठरवायची वेळ आलीये हे त्याच्यापर्यंत कोण आणत होतं, आणि ठरलेलं झालं का हे नंतर कोण बघत होतं, हा भाग त्याला दिसतच नव्हता.

मग मी एक केलं. काम नाही दिलं, अख्खं खातं दिलं. मुलाचं डॉक्टर, लसी, दात, डोळे हे सगळं त्याच्याकडे. फाईल माझ्या कपाटातून काढून त्याच्या कपाटात ठेवली आणि सांगितलं की यापुढे यातलं काहीही मी विचारणार नाही. आणि खरं सांगते, पहिल्याच लसीची तारीख बारा दिवस उलटून गेली. मला माहीत होतं. रात्री झोप लागायची नाही पण बोलले नाही. तेराव्या दिवशी त्याने स्वतः फाईल उघडली, चेहरा उतरला, डॉक्टरकडे घेऊन गेला, ते म्हणाले काही बिघडलं नाही, आज देऊ. त्या रात्री त्याने पुढच्या दोन वर्षांच्या तारखा फोनमध्ये घातल्या. आता मला विचाराल की मुलाची पुढची लस कधी आहे, तर मला खरंच माहीत नाही, आणि हे लिहितानासुद्धा फार हलकं वाटतंय.

मुक्कामपोस्ट:
मला नाही पटलं. नवऱ्याला धडा मिळावा म्हणून लेकराची लस चुकू द्यायची? मी तर नसते गप्प बसले. आणि घरात एवढा हिशोब ठेवायला लागलो तर माया कुठे राहणार. आमच्यात मी घर बघते, ते बाहेरचं बघतात, कुणी कुणाच्या डोक्यावर बसत नाही, छान चाललंय.

पाऊलखुणा:
लसीचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. आज परत करायचं झालं तर मी त्या विषयापासून सुरुवात नाही करणार, जिथे चुकलं तरी कुणाला इजा होत नाही असं खातं आधी देईन. पण हिशोब आम्ही नव्याने सुरू नाही केला हो, तो माझ्या डोक्यात रात्रंदिवस चालूच होता, फक्त एकटीच्या. आणि दोघांनी मोकळेपणी ठरवून वाटून घेतलं असेल तर माझी काहीच हरकत नाही. मला फक्त एवढंच विचारावंसं वाटतं की उद्या तुम्ही म्हणालात मला बाहेरचं बघायचंय, तर ते घरचं घेतील का?

उघडी_खिडकी:
पुरुषाच्या बाजूने लिहितो. मी अनेक वर्षं "मला सांग ना, मी करतो" हे वाक्य फार अभिमानाने म्हणायचो. मला वाटायचं याहून चांगला नवरा तो काय असतो. मग बायको तीन महिने कामासाठी बाहेरगावी गेली आणि मी आणि मुलगा दोघंच. पहिल्या आठवड्यात कळलं की काम करायला वेळ लागत नाही, काम आहे हे लक्षात यायला लागतो. मुलाचे बूट लहान झाले होते. तो लंगडत नव्हता, रडत नव्हता, फक्त शाळेतून आल्या आल्या बूट काढून पाय चोळत बसायचा. मी ते चार दिवस बघत होतो! बघत होतो पण दिसत नव्हतं. पाचव्या दिवशी अंगठ्याला फोड आलेला दिसला तेव्हा डोक्यात ट्यूब पेटली. ती असती तर पहिल्याच दिवशी तिने ओळखलं असतं, आणि ते काही बाई म्हणून रक्तात नसतं, इतकी वर्षं ती जबाबदारी तिच्यावर होती म्हणून नजर तयार झाली. माझीही झाली तीन महिन्यांत.

ती परत आल्यावर आम्ही बसून दोघांनी वेगवेगळी यादी केली, घरातलं कोण किती करतं. माझ्या मते मी साठ टक्के करत होतो, तिच्या मते ती सत्तर. मायकेल रॉस आणि फिओरे सिकॉली यांनी १९७९ मध्ये जोडप्यांना असंच विचारलं होतं आणि बहुतेकांच्या उत्तरांची बेरीज शंभराच्या वर गेली, कारण आपण केलेलं आपल्याला पटकन आठवतं. म्हणून टक्क्यांवर भांडू नका, काहीही निघत नाही. याद्या शेजारी शेजारी ठेवून वाचा. तिच्या यादीतल्या निम्म्या ओळी माझ्या यादीत नव्हत्याच. कमी केलेली कामं नव्हेत ती, माझ्यालेखी अस्तित्वातच नसलेली कामं होती.

अजून एक, पुरुषांनी हे घराबाहेरही उघडपणे करायला हवं. मुलगा तापाने फणफणला म्हणून सुट्टी मागितली तर साहेबांनी विचारलं, घरी बायको नाही का? आधी मी अशा वेळी माझीच तब्येत बरी नाही असं सांगून मोकळा व्हायचो. यावेळी सांगितलं, आहे, पण आज माझी पाळी आहे. अवघड गेलं. पण त्यानंतर टीममधल्या दुसऱ्या एका बापाने पहिल्यांदा मुलाचं खरं कारण देऊन रजा टाकली.

निळी_शाई:
मी एकटी राहते त्यामुळे घरात माझं मीच, पण ऑफिसमध्ये हेच सगळं आहे. मीटिंगचे मुद्दे कोण लिहिणार, निरोप समारंभाला वर्गणी कोण गोळा करणार, नवीन माणसाला सगळं कोण दाखवणार. लिंडा बॅबकॉक आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रयोग छापलेत यावर. बढतीला उपयोग नाही अशा कामासाठी बायका-पुरुषांच्या मिश्र गटात बायका पुरुषांच्या जवळपास दीडपट वेळा पुढे आल्या. पण गट फक्त पुरुषांचा केला की पुरुषही तितकेच पुढे यायला लागले! म्हणजे आवड बिवड काही नाही, कुणीतरी बाई करेल ही सगळ्यांची अपेक्षा, आपली स्वतःचीसुद्धा. मी आता हात वर करायच्या आधी मनात दहा आकडे मोजते, ती शांतता सहन करायला शिकावं लागतं. आणि मुद्दे लिहायची आमच्याकडे आता नावाच्या क्रमाने पाळी लावलीये, कुणाला विनंतीच करावी लागत नाही.

जुनी_वही:
मी साठी ओलांडलेली, म्हणून जरा वेगळं सांगते. हे सगळं वाचून बरं वाटलं, आमच्या वेळी तर या त्रासाला नावही नव्हतं. पण प्रत्येकीने आपापल्या घरात एकेकटीने लढायचं म्हणजे फार दमायला होतं गं. २४ ऑक्टोबर १९७५ ला आइसलँडमधल्या सुमारे ९० टक्के बायकांनी एक दिवस नोकरीही केली नाही आणि घरकामही केलं नाही. कितीतरी बापांना पोरं घेऊन कामावर जावं लागलं, शाळा, दुकानं बंद पडली. पुढच्याच वर्षी तिथे समान हक्कांचा कायदा झाला आणि १९८० मध्ये व्हिग्डिस फिनबोगादोत्तिर राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्या. एका दिवसात सगळं सुटलं असं नाही, त्यानंतरही तिथल्या बायकांना पुन्हा पुन्हा रस्त्यावर यावं लागलं. पण जे काम रोज होतं म्हणून दिसत नव्हतं ते एक दिवस थांबलं आणि सगळ्यांना दिसलं.

आणि सांजवेळ, टॉवेलवरून स्वतःला फार बोल लावू नकोस. घर विस्कटलेलं दिसलं की पाहुणे नवऱ्याला नाही, तुला नावं ठेवतात. त्या भीतीने आपण घड्या मोडतो. माझा मुलगा वेगळा राहायला लागल्यावर त्याच्या घरी गेले की माझे हात शिवशिवायचे, मग मी जाताना विणकाम न्यायला लागले, हात गुंतवून ठेवायला.

सांजवेळ:
सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. आजी, विणकामाचं वाचून डोळ्यात पाणी आलं.

काल रात्री नवऱ्याला बाहुल्यांचं सांगितलं. आधी म्हणाला मुलं काय काहीही खेळतात, मग बराच वेळ गप्प. मग स्वतःच म्हणाला, शाळेचं खातं मला दे, सगळं, ग्रुपसकट. मी शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये त्याचा नंबर घालायला सांगितला आणि आज सकाळी स्वतः बाहेर पडले. बाहेर पडायच्या बटणावर बोट ठेवून किती वेळ उभी होते ते मलाच माहीत.

शुक्रवारी तिला काहीतरी न्यायचंय शाळेत. काय ते मला माहितीये, कारण मी बाहेर पडायच्या आधी वाचलं होतं. त्याने अजून विषय काढलेला नाही. आज बुधवार आहे.