बीएमएस टक्के दाखवतोच, मग वेगळा शंट कशाला?

शंटनको (धागाकर्ता)

लिथियम बॅटरी घेतली म्हटलं की पुढचा सल्ला ठरलेला: 'आधी शंट लावून घ्या.' (शंट म्हणजे निगेटिव्ह केबलमध्ये बसवायचा अगदी कमी रेझिस्टन्सचा ठोकळा; त्यावरून करंट मोजून वेगळा मॉनिटर बॅटरीचे टक्के दाखवतो.) मला हे पटत नाही, म्हणून धागा काढतोय.

माझी सिस्टीम साधी आहे. १२ व्होल्टचा एकच एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) पॅक, २८० एएचचे (अँपिअर-तासांचे) चार सेल ओळीने. एका बाजूला सोलर, दुसऱ्या बाजूला इन्व्हर्टर. बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवून गरज पडली की तिचा पुरवठा तोडणारा बोर्ड, पॅकच्या आतच आहे आणि तो ब्लूटूथवर टक्के, करंट, चारही सेलचं व्होल्टेज, तापमान असं सगळं दाखवतो. बरं, त्याला करंट कळतो तो तरी कशावरून? बोर्डावर सोल्डर केलेल्या चपट्या रेझिस्टरवरून. म्हणजे शंट आधीच आहे की! मग चांगली चाललेली निगेटिव्ह केबल कापायची, नवे लग (केबलच्या टोकाच्या धातूच्या कड्या) दाबून क्रिम्प करायचे आणि मध्ये आणखी एक धातूचा ठोकळा बसवायचा, हे कशासाठी? सिस्टीममधल्या सगळ्यात जाड केबलवर दोन जोड वाढले, एवढंच.

शिशाच्या बॅटरीचं समजू शकतो. ती वारंवार निम्म्याखाली उतरवली की आयुष्य घटायचं, त्यामुळे हिशेब ठेवावाच लागायचा. एलएफपीला तसली नाजूक तब्येत नाही, आणि अगदीच खाली गेली तर बीएमएस तोडतो. हौस म्हणून लावा, माझं काही म्हणणं नाही. 'आवश्यक' म्हणू नका.

मिलिओहम

हौस नाही हो. एक प्रयोग करा. आज रात्री सगळं बंद करून फक्त इन्व्हर्टर रिकामा चालू ठेवा आणि ॲपमध्ये करंट बघा. ०.० दिसला तर पुढे बोलू.

बहुतेक बीएमएसचा शंट हा जास्त करंट झाला की तोडण्यासाठी असतो. शंभर-दोनशे अँपिअर ओळखण्यात तो वाकबगार. अर्धा-एक अँपिअर त्याच्या लेखी गोंगाट, म्हणून कित्येक बीएमएस तो सरळ शून्य धरतात. बॅटरीच्या लेखी मात्र तो शून्य नसतो. इन्व्हर्टर नुसता बसून १ अँपिअर खात असेल तर दिवसाला २४ एएच गेले, तुमच्या पॅकचे साडेआठ टक्के. ॲपमध्ये टक्का जागचा हलत नाही.

व्होल्टेज बघून अंदाज बांधू म्हणाल, तर एलएफपीत तेही जमत नाही. विश्रांतीत १३.१ व्होल्ट म्हणजे साधारण ४० टक्के आणि १३.३ म्हणजे ९० च्या आसपास. एवढी सगळी बॅटरी ०.२ व्होल्टात लपलेली. जरा लोड आला की तेवढा फरक केबलमध्येच पडतो.

बाहेरच्या शंटचं गणित साधं आहे. ५०० अँपिअर वाहिले की ५० मिलिव्होल्ट, म्हणजे रेझिस्टन्स ०.१ मिलिओहम. १ अँपिअरला ०.१ मिलिव्होल्ट मिळतं, आणि चांगला मॉनिटर त्याच्याही खालचं वाचतो. तो ठोकळा नुसता पितळेचा नसतो बरं का. मधल्या पट्ट्या मँगॅनिनच्या असतात, म्हणजे तांबं, मँगनीज आणि निकेल. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला ०.४ टक्क्यांच्या आसपास वाढतो, ३० अंश तापलं की १२ टक्क्यांची चूक. मँगॅनिन तापलं तरी जवळजवळ तसंच राहतं.

शंटनको

केला प्रयोग. ०.० च आलं. मान्य.

पण माझं सोलर दुपारी बॅटरी पूर्ण भरतं. भरली की बीएमएस १०० वर येतो आणि आदल्या दिवशीची चूक पुसली जाते. रोज सकाळी साडेआठ टक्क्यांनी खोटा आणि रोज दुपारी पुन्हा खरा, याने माझं नेमकं काय बिघडलं?

मिलिओहम

रोज भरतंय तोवर काहीच नाही. सलग पाच दिवस ढग आले की विचारतो.

फिरतीगाडी

पाच दिवस ढगांचा विषय निघालाच आहे तर माझं ऐका. माझ्या गाडीत शंट आहे, आणि त्या पाच दिवसांत मला बीएमएसने नाही, शंटनेच फसवलं.

झालं असं. आकाश भरलेलं, सोलरमधून जेमतेम ८ अँपिअर येत होते. बॅटरी माझ्या अंदाजाने ६० टक्क्यांवर असावी. जरा वेळाने बघते तर मॉनिटरवर १००! मी खूश. रात्री हीटरचा पंखा, फ्रिज, लॅपटॉप, सगळं बिनधास्त चालवलं. दुसऱ्या रात्री मॉनिटर ५२ टक्के म्हणत असताना बीएमएसने तोडलं आणि अंधार. त्याहून कहर म्हणजे, बीएमएसने तोडल्यावर मॉनिटरचीही वीज गेली, आणि सकाळी चार्जिंग सुरू होऊन तो जागा झाला तो पुन्हा १०० टक्के म्हणतच! रिकाम्या बॅटरीवर!

नंतर मॅन्युअल घेऊन बसले तेव्हा उलगडा झाला. 'बॅटरी भरली' हे मॉनिटर दोन गोष्टींवरून ठरवतो: व्होल्टेज ठरावीक आकड्याच्या वर आहे का, आणि आत जाणारा करंट ठरावीक आकड्याच्या खाली उतरलाय का. माझ्यात व्होल्टेजचा आकडा कारखान्यातून आला तसाच होता, १३.२. शिशाच्या बॅटरीसाठीचा. एलएफपी चार्जिंगला लागली की अर्धी रिकामी असली तरी १३.२ ओलांडते. करंटची हद्द होती क्षमतेच्या ४ टक्के, म्हणजे माझ्या २८० एएचला ११.२ अँपिअर. ढगामुळे ८ च येत होते. तीन मिनिटं असं राहिलं आणि मॉनिटरने जाहीर केलं, भरली!

मोजणी अचूक होती त्याची, मिलिओहम. निवाडा चुकला.

मिलिओहम

हा दोष शंटचा कसा? सेटिंग कुणी बदललं नाही त्याचा. चार्जर १४.२ ला थांबत असेल तर 'भरली' चा आकडा १४.० ठेवायचा, चार्जरच्या ०.२-०.३ खाली. मग ढगाळ दिवशी अर्ध्या बॅटरीवर तो आकडा गाठलाच जात नाही. चार्जिंगची कार्यक्षमता ९९ टक्के, पॉयकर्ट (जास्त करंटला क्षमता किती घटते त्याचा आकडा) १.०५. क्षमता लेबलवरची नाही, मोजून आलेली. दहा मिनिटांचं काम.

(अवांतर: पॉयकर्टने ते सूत्र १८९७ मध्ये शिशाच्या बॅटरीवरून मांडलं. लिथियमला त्याची फारशी गरजच पडत नाही, तरी मेनूत ते ठाण मांडून बसलंय.)

फिरतीगाडी

अहो, मी तेच म्हणतेय! पाच सेटिंग बरोबर असतील तरच खरं बोलणारं यंत्र नवख्या माणसाला 'आधी लावा' म्हणून सांगायचं का? ज्याला पॉयकर्ट म्हणजे काय ते माहीत नाही, त्याच्या हातात आपण दशांश चिन्हानंतर एक आकडा दाखवणारा मॉनिटर देतो. ५२.३ टक्के! त्या .३ वर माणूस डोळे मिटून विश्वास ठेवतो. १३.१ व्होल्ट दिसलं असतं तर निदान शंका तरी आली असती.

काळी_वायर

दोघंही सेटिंगवर भांडताय. माझ्या बघण्यात आलेल्या दहातल्या आठ भानगडी काळ्या वायरीच्या होत्या.

नियम एकच: बॅटरीच्या निगेटिव्हवर फक्त शंट. दुसरं काहीही नाही. बाकी सगळं, म्हणजे सोलर, इन्व्हर्टर, चार्जर, गाडीत असाल तर चॅसिसची अर्थिंग, हे शंटच्या पलीकडच्या बोल्टला नाहीतर तिथून निघालेल्या बसबारला (सगळ्या वायरी जोडायच्या धातूच्या पट्टीला). एका ओळखीच्यांच्या बोटीवर मॉनिटर कायम ९५ च्या वर. खुश होते बिचारे. बघितलं तर बिल्ज पंप (बोटीच्या तळातलं पाणी उपसणारा) आणि फ्रिजची निगेटिव्ह जुन्या सवयीने थेट बॅटरीच्या खांबावर. आत येणारं सगळं मोजलं जात होतं, जाणाऱ्यातलं निम्मं मागच्या दाराने. आणि इथे सेटिंग कितीही शोधा, सापडणार नाही.

म्हणून बसवून झालं की मॉनिटरसमोर एक जण बसवा आणि दुसऱ्याने एकेक स्विच चालू-बंद करत जावं. ज्या स्विचला आकडा हलला नाही त्याची काळी वायर शोधा. आकडा उलट्या चिन्हाने हलला तर शंटच उलटा लागलाय.

आता बसवताना. निगेटिव्ह आधी काढा, शेवटी लावा. पाना मुठीपासून टोकापर्यंत टेपने गुंडाळा, अंगठी-घड्याळ काढून ठेवा. हे शिशाच्या बॅटरीलाही सांगतात म्हणून लोक कानाआड करतात. पण धागाकर्त्याच्या २८० एएचच्या सेलचा अंतर्गत रेझिस्टन्स पाव मिलिओहमच्या आसपास असतो. चार मिळून १ मिलिओहम धरा. १३ व्होल्ट भागिले १ मिलिओहम, कागदावर १३,००० अँपिअर. केबल आणि बीएमएसमुळे प्रत्यक्षात कमी, तरी पाना वितळायला पुरेसे. म्हणूनच पॉझिटिव्हवर, बॅटरीच्या जवळ, क्लास टी फ्यूज घालतात. तो २०,००० अँपिअरपर्यंत तोडू शकतो. साधा गाडीतला फ्यूज तिथे जळतो खरा, पण आर्क चालूच राहतो. आणि मॉनिटरला वीज देणारी ती बारीक लाल वायर असते ना, तिचा छोटा फ्यूज बॅटरीच्या टोकाला हवा, मॉनिटरच्या टोकाला नको.

सगळ्यात जास्त चुकतं ते वॉशरचं. लग आणि शंट यांच्या मध्ये वॉशर घालायचा नाही. शंटचा सपाट पृष्ठभाग, त्याला थेट लग, मग वॉशर, मग नट. मध्ये स्टीलचा वॉशर आला किंवा नट हाताने फिरवून सोडला आणि त्या जोडात नुसता अर्धा मिलिओहम वाढला, तर १५० अँपिअरला ११ वॉट उष्णता एका बोल्टमध्ये. माझ्याच एका जोडावर केबलचं इन्सुलेशन लगपाशी बोटभर तपकिरी होऊन कडक झालं होतं. मोजणी मात्र शेवटपर्यंत बरोबर! कारण मोजायच्या बारीक तारा आतल्या स्क्रूवर असतात, मोठ्या बोल्टच्या जोडावर काय चाललंय ते त्यांना कळतच नाही. अर्धा तास पूर्ण लोड चालवा आणि सगळं बंद करून दोन्ही जोडांना हात लावून बघा. एक गरम आणि एक थंड असेल तर गरम जोड उघडा.

शंटनको

धन्यवाद, काळी_वायर. माझा मुद्दा तुम्ही माझ्यापेक्षा चांगला मांडलात. दोन जोड वाढवायचे, मग त्यांना हात लावत बसायचं.

काळी_वायर

जोड कुठलाही असो, हात लावावाच लागतो. बॅटरीच्या खांबावरचा जोड तुम्ही शेवटचा कधी तपासलात?

जुनापाना

एक प्रश्न. माझ्या दोन बॅटऱ्या समांतर आहेत. एकीचा बीएमएस ७१ म्हणतो, दुसरीचा ४८. खरं कोण? वर्षभर मी सरासरी काढत होतो. दोघींचे निगेटिव्ह एका बसबारवर आणून पुढे एकच शंट टाकला, तेव्हा कळलं की दोघेही खोटं बोलत होते, तेही वेगवेगळ्या दिशेने. एकाच पॅकवाल्याने खुशाल बीएमएसवर भागवावं. समांतरवाल्याला शंटशिवाय गत्यंतर नाही, असं माझं मत.

मिलिओहम

+१

अर्धवट

गत्यंतर वगैरे ठीक, पण आमच्यासारख्यांचं काय? आयुष्य वाढावं म्हणून मी बॅटरी ८५ च्या पुढे भरतच नाही. म्हणजे मॉनिटरला 'भरली' हा क्षण दिसतच नाही. शून्याच्या मोजणीत नुसती ०.१ अँपिअरची चूक असली तरी दिवसाला २.४ एएच, महिन्याला ७२. धागाकर्त्याच्या पॅकचा चौथा हिस्सा! उत्तम शंट, उत्तम सेटिंग, आणि तरीही महिन्याअखेर आकडा हवेत. दोन-तीन आठवड्यांनी एकदा नीट पूर्ण भरून द्यावी लागतेच. आणि तशी भरायचीच असेल तर बीएमएसही त्या दिवशी सरळ होतो. तेव्हा शंटवाल्यांनी फार ऐटीत राहू नये.

मिलिओहम

रोज सरळ करावा लागणारा आणि महिन्यातून एकदा सरळ करावा लागणारा यात फरक आहे, अर्धवट. आणि ०.१ ची चूक असेल तर मॉनिटरमध्ये शून्य ठरवायची सोय असते. शंटच्या सिस्टीम बाजूच्या सगळ्या केबल सोडायच्या, करंट खरोखर शून्य आहे याची खात्री करायची, मग ते बटण दाबायचं. लोड नुसता स्विचने बंद करून दाबलंत तर इन्व्हर्टरचा रिकामा करंटच शून्य म्हणून कोरून बसेल.

फिरतीगाडी

सहावं सेटिंग.

शंटनको

काल एक डीसी क्लॅम्प मीटर उसना आणला. केबल कापायची नाही, जोड नाही, नुसता चिमटा. रात्री इन्व्हर्टर रिकामा: बीएमएस ०.०, क्लॅम्प १.४. चिमटा उलटा फिरवून लावला तर ०.८. दोन्ही खरे कसे?

मिलिओहम

दोन्ही खरे नाहीत. क्लॅम्पमध्ये हॉल सेन्सर (चुंबकीय क्षेत्रावरून करंट ओळखणारा) असतो, त्याचं शून्य सरकतं, चिमट्याच्या लोखंडात उरलेल्या चुंबकत्वानेही सरकतं. केबलजवळ त्याच दिशेने धरून आधी शून्य करा, मग लावा. नाहीतर दोन्हींची सरासरी घ्या. १.१.

शंटनको

शून्य करून पुन्हा लावला. १.१ च.

इन्व्हर्टर आता रात्री बंद करतो. राउटर थेट १२ व्होल्टवर घेतला. शंट अजून घेतलेला नाही. आणि हो, काळी_वायर, बॅटरीच्या खांबावरचा नट पाऊण फेरा फिरला.

काळी_वायर

घ्याल तेव्हा लग दोन जास्तीचे आणा. पहिला क्रिम्प नेहमी बिघडतो.