७३ इंची जुना डीएलपी प्रोजेक्शन टीव्ही घ्यावा का?

नवा_भाडेकरू (पार्सिपनी, न्यू जर्सी) | ९ मार्च २०१३

मंडळी, जरा घाईचा प्रश्न आहे. क्रेगलिस्टवर (जुन्या वस्तूंच्या जाहिरातींची साइट) एका गृहस्थांनी ७३ इंची डीएलपी रिअर प्रोजेक्शन टीव्ही, म्हणजे आतून पडद्याच्या पाठीवर चित्र टाकणारा मोठा खोका, विकायला काढलाय. २००८ साली घेतलेला, मागताहेत ३५० डॉलर. फोनवर म्हणाले, चित्र थोडं मंद झालंय, पण "फक्त बल्ब बदलला की झालं".

मे महिन्यात आई-बाबा साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी येताहेत. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय आणि आमचा सध्याचा ३२ इंची टीव्ही म्हणजे तिच्या भाषेत "टपालाचं तिकीट". ३ एप्रिलला आयपीएलही सुरू होतेय, पण सामने इथल्या सकाळी साडेदहाला, मी तेव्हा ऑफिसात. त्यामुळे ते कारण बायकोला सांगता येत नाही.

आमचं अपार्टमेंट सेकंड फ्लोअरला, म्हणजे आपल्याकडचा पहिला मजला. लिफ्ट नाही, जिना मध्ये एकदा वळतो. ऑफिसातले सगळे म्हणतात पातळ टीव्ही घे. पण एवढ्या पैशांत एवढा पडदा कुठे मिळणार? कुणी वापरलाय का? बल्ब खरंच घरी बदलता येतो का?

---

पेठेतला_पंत (पुणे) | ९ मार्च

आमच्याकडे २००० साली ४३ इंची प्रोजेक्शन टीव्ही आणला होता. आख्खा वाडा बघायला आला. मग केबल लावली आणि सगळ्यांचे चेहरे पडले, कारण बातम्या देणारी बाई पाण्यातून बोलल्यासारखी दिसत होती. दिवसा खिडक्या बंद, पडदे ओढलेले, आजी विचारायची, "सुतक आहे का रे?" सध्या त्याच्या रिकाम्या खोक्यात गाद्या ठेवतो. बाकी अमेरिकेतलं तुम्ही जाणा.

---

तळघरातला_बाळू (एडिसन, न्यू जर्सी) | १० मार्च

पंतांचा होता तो नळ्यांचा. हा विचारतोय तो डीएलपी. दोन्ही मी पाळलेत, त्यामुळे जरा बैजवार लिहितो. चहा घेऊन बस.

पहिला मी २००२च्या नोव्हेंबरात घेतला. ६५ इंची, वजन २८० पौंड, खाली चाकं. आत सात-सात इंचांच्या तीन नळ्या असतात, लाल, हिरवी, निळी. प्रत्येकीपुढे भिंग, वर तिरका आरसा, आणि आरशातून चित्र पडद्याच्या पाठीवर. तिन्ही रंग एकावर एक चपखल बसले की चित्र. त्या बसवण्याला कन्व्हर्जन्स म्हणतात. हा शब्द मी एवढ्यांदा ऐकवलाय की आमच्या मुलीनं लहानपणी तो शुभंकरोतीसारखा पाठ केला होता.

२००३चा वर्ल्डकप. आधी टीव्ही वरच्या हॉलमध्ये होता. फायनल इथल्या पहाटे तीनला, माणसं जमणार बावीस, म्हणून बायको म्हणाली, खाली तळघरात न्या, वर मुलं झोपलीत. चौघांनी मिळून उतरवला. टीव्हीची जाडी २८ इंच, दरवाजा ३० इंच. उतरला कसा ते विचारू नकोस, भिंतीवरचा ओरखडा अजून आहे. वर टीव्हीचं तोंड पूर्वेला होतं, खाली उत्तरेला झालं. या नळ्यांवर पृथ्वीच्या चुंबकत्वाचासुद्धा परिणाम होतो, दिशा बदलली की रंग सरकतात. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. पुस्तिकेत असणार, पण पुस्तिका वाचणारे आपण कोण?

पहाटे लावला तर मैदानात प्रत्येक खेळाडूचे तीन. लाल पाँटिंग, हिरवा पाँटिंग, निळा पाँटिंग. रिमोटवर कन्व्हर्जन्सचं बटण असतं, पडद्यावर अधिकची खूण येते, लाल आणि निळी रेघ सरकवून हिरव्यावर बसवायची. पण टीव्ही वीस-तीस मिनिटं तापल्याशिवाय ते करायचं नसतं, आणि मी गार टीव्हीवर केलं. तापल्यावर सगळं पुन्हा सरकलं. मधल्या वेळेत ऑस्ट्रेलियाच्या २ बाद ३५९ झाल्या. मग आपली फलंदाजी, पडद्यावर तीन सचिन, आणि तिघंही पहिल्याच षटकात आउट. मागून कुणीतरी म्हणालं, "बाळू, आता नीट केलंस तरी चालेल."

तो टीव्ही हाय डेफिनिशनचा होता, पण क्रिकेट यायचं साधं चौकोनी. दोन्ही बाजूंना करड्या पट्ट्या. त्या तासन् तास राहिल्या की नळीवर कायमचा डाग पडतो, म्हणून सगळे चित्र ताणून बघायचे. आमच्या घरी द्रविडसुद्धा गुटगुटीत होता. २००९ मध्ये कन्व्हर्जन्स सांभाळणाऱ्या आयसी, म्हणजे चिपा, जळल्या आणि रेघा धनुष्यासारख्या वाकल्या. या टीव्हींचं ते ठरलेलं दुखणं. त्या काढून नव्या लावल्या, सोल्डरिंगचा डाग देताना बोट भाजलं, अजून दोन वर्षं निघाली.

मग तो टाकायचा कसा? फुकट नेणारा मिळेना. १ जानेवारी २०११पासून न्यू जर्सीत टीव्ही कचऱ्यात टाकायला बंदी आली, आणि शिशाच्या काचा असलेल्या या नळ्या तशाही टाकू नयेत. शेवटी मी तळघरातच खोलला. नळी आणि भिंगाच्या मध्ये थंडाव्यासाठी द्रव भरलेला असतो, इथिलीन ग्लायकॉल, चवीला गोड आणि विषारी. शेजाऱ्यांचं कुत्रं येत-जात असतं, म्हणून सांडू न देता त्या डब्या तशाच रिसायकल केंद्रात दिल्या. पडद्यात आतल्या बाजूला फ्रेनेल भिंगाचा आख्खा ताव निघाला. तो मी डेकवर टेकवून ठेवला, म्हटलं ऊन कसं एकवटतं बघू. बघितलं. डेकच्या कठड्यावर पैशाएवढा काळा खड्डा पडला, वेळ लागला फार तर पाच सेकंद. बायको तिथेच पापड वाळत घालायच्या बेतात होती. ताव तेव्हापासून गाठोड्यात बांधलेला आहे.

आता तुझ्या कामाचं. तुझा आहे डीएलपी, म्हणजे नळ्या नाहीत, चुंबकाची भानगड नाही, डागही पडत नाही. एक दिवा, एक फिरतं रंगीत चाक, आणि टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सची एक चिप, जिच्यावर लाखो सूक्ष्म आरसे असतात. वजनाला दोन माणसं पुरतात. मी २००८ला असा ६५ इंची घेतला, आजही चालू आहे, आणि क्रिकेटला मला तो पातळ टीव्हीपेक्षा आवडतो. चेंडू पळताना शेपटी सोडत नाही.

पण "फक्त बल्ब" या दोन शब्दांवर विश्वास ठेवू नकोस. चित्र मंद दिसतंय ते बल्बमुळे, आरशावरच्या धुळीमुळे, की आणखी कशामुळे, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. जाताना लॅपटॉप आणि एचडीएमआय केबल घेऊन जा. आधी त्यावरून टीव्हीवर पूर्ण काळा पडदा लाव. पांढरे ठिपके दिसले तर समज, चिपवरचे आरसे अडकायला लागलेत. आज सहा असतील तर वर्षानं साठ. ते बल्बनं जात नाहीत, चिप बदलावी लागते, आणि ३५० डॉलरच्या टीव्हीला ती कुणी बदलत नाही. मग पूर्ण पांढरा पडदा लाव, धूळ दिसेल. टीव्ही तुझ्यासमोर गार अवस्थेतून चालू करायला सांग आणि कान दे. किरकिरत, शिट्टी मारत सुरू झाला तर रंगीत चाकाचं बेअरिंग गेलंय. मेन्यूत दिव्याचे तास बघ, पण ते कुणीही शून्य करू शकतं, तेव्हा निम्माच विश्वास.

बल्ब घरी बदलता येतो, एका स्क्रूचं काम. मी एकदा हावरटपणा करून ३८ डॉलरचा नकली मागवला, दिवाळीत लावला, होळीच्या आत फट् करून फुटला. आतला बल्ब ऑसराम किंवा फिलिप्सचा अस्सल घे, शंभर डॉलरच्या आसपास जाईल. काचेला बोट लावायचं नाही, बोटाचं तेल तापून काच तडकते. बायकोचा धुतलेला सुती रुमाल वापर आणि तिला नंतर सांग.

हे विसरू नकोस की नवे आता मिळणार नाहीत. सोनीनं २००७च्या शेवटी प्रोजेक्शन टीव्हीचा धंदा सोडत असल्याचं सांगितलं, मित्सुबिशी एकटी उरली होती, तिनंही गेल्या डिसेंबरात बंद करत असल्याचं सांगितलं. दिवे मिळत राहतील, बाकीचे भाग दिवसेंदिवस अवघड. त्यामुळे ३५० जास्त आहेत. माझ्या मते दीडशे, तेही काळा पडदा बघून.

जिना मोज. ७३ इंची म्हणजे नुसता पडदाच पाच फूट चार इंच रुंद. आडवा झोपवून नेऊ नकोस, उभाच ने.

---

सौदामिनी_ताई (सॉमरसेट, न्यू जर्सी) | ११ मार्च

बाळूदादांचं बरोबर आहे, फक्त दोन गोष्टी राहिल्या.

बंद केल्यावर लगेच प्लग काढू नका, पंख्याला दिवा गार करू द्या. सँडी वादळाच्या रात्री आमची वीज टीव्ही चालू असतानाच गेली. पंखाही गेला, दिवा गरमच राहिला. वीज आठ दिवसांनी आली आणि आठवड्याभरात दिवा गेला. योगायोग असेलही, पण तेव्हापासून टीव्हीला छोटा यूपीएस लावलाय.

दुसरं, या टीव्हीत काही लोकांना इंद्रधनुष्य दिसतं. चाक एकेक रंग पाळीपाळीनं दाखवतं ना, नजर पटकन फिरवली की पांढऱ्या अक्षरांच्या कडेला लाल-हिरव्या-निळ्या रेघा चमकतात. मला दिसतात, आमच्या ह्यांना नाही. पहिले दोन महिने ह्यांना वाटत होतं, मला टीव्ही आवडला नाही म्हणून मी रचून सांगतेय. घेण्याआधी घरातल्या सगळ्यांना नेऊन दाखवा.

---

नवा_भाडेकरू | १७ मार्च

काल जाऊन आलो. काळा पडदा लावल्यावर ठिपके मोजले, चार. गृहस्थ म्हणाले, आम्ही कधी काळा पडदा बघतच नाही. चाकाचा आवाज नाही. १६० वर तुटलं. मी आणि सहकारी घेऊन आलो. जिन्याच्या वळणावर वीस मिनिटं अडकलो, खालच्या मजल्यावरच्या गुजराती काकांनी दार उघडून "डाबी, डाबी" असं सांगत वळवून दिला. नवा दिवा ९८ डॉलर. लावला आणि बायको, जी सकाळपासून बोलत नव्हती, ती म्हणाली, "बरा दिसतोय."

बायकोला इंद्रधनुष्य दिसत नाही, मलाही नाही. आई-बाबांना विचारणार कसं, ते साताऱ्यात.

---

तळघरातला_बाळू | १७ मार्च

अभिनंदन. बसण्याची उंची बघ. उभं राहिलं किंवा जमिनीवर बसलं की यांचं चित्र अंधारतं, प्रकाश आडवा पसरतो, वर-खाली कमी. जुना दिवा केरात टाकू नकोस, आत पारा असतो.

---

नवा_भाडेकरू | २ जून

उशिरानं लिहितोय. आई-बाबा आले. बाबा जेवायला खाली मांडी घालून बसतात आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाले, "टीव्हीवर संध्याकाळ झाली की काय?" बाळूदादा, स्टँड काढून टीव्ही दोन बुटक्या लाकडी खोक्यांवर ठेवला. आता खालून बरा दिसतो, सोफ्यावरूनही चालतो.

खरी गंमत आईची. दहा दिवस ती मालिका बघता बघता मध्येच एक डोळा झाकायची, मग दुसरा. काही बोलली नाही. परवा रात्री बाबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की ऑपरेशन झालेल्या डोळ्यात रंगीत रेघा येतात असं ती म्हणतेय, तू खर्चात पडशील म्हणून तुला सांगत नव्हती. तिनं साताऱ्याला डॉक्टरांना फोनही केला होता, त्यांनी कुठलंसं औषध बंद करायला सांगितलं. मी म्हटलं, रेघा कधी येतात? म्हणाली, नावं येतात तेव्हा, पांढऱ्या अक्षरांच्या कडेला.

सौदामिनीताई, तुमची पोस्ट फोनवर उघडून आईला वाचून दाखवली. ती दोनदा वाचून घेतली. मग म्हणाली, "या बाईंच्या मिस्टरांनासुद्धा खरं वाटलं नव्हतं ना?" तुमचा नंबर मागतेय, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते म्हणाली, व्यनि म्हणजे काय ते मी समजावलं. औषध परत सुरू केलंय. चॅम्पियन्स ट्रॉफी सहा तारखेपासून, आपला पहिलाच सामना, पहाटे साडेपाचला. बाबा उठणार आहेत.