डॉ. श्रीराम लागू : आपापल्या आठवणी लिहा

डॉक्टरांचा जन्म साताऱ्याचा, शिक्षण पुण्यात, नाटकं पुण्या-मुंबईची. तरी बेळगाव, खानापूर, निपाणीकडे त्यांच्यावर जीव असलेली माणसं घरोघर सापडतात. त्यांचं जे पाहिलं, ऐकलं ते लिहा. सुरुवात मीच करते.

शहापूर, बेळगाव
आमचे आण्णा मागावर बसायचे. 'नटसम्राट' बघायला गल्लीतली चौघंजणं मिळून कोल्हापूरला गेली होती. परत आल्यावर आण्णा गोष्ट सांगायचेच नाहीत, लागू कसे बसले, कसे उठले तेच सांगायचे. "म्हातारा झालेला नट बसताना आधी हात टेकतो, मग अंग सोडतो," असं म्हणत स्वतः करून दाखवायचे. आवाज खाली आणला तरी शेवटच्या रांगेला शब्द न् शब्द पोचायचा, म्हणायचे. पुढं दत्ता भट, सतीश दुभाषी यांनीही बेलवलकर, म्हणजे त्या नाटकातला म्हातारा नट, केले. खरं आण्णांच्या लेखी बेलवलकर म्हणजे लागूच.

खानापूर
मी स्वतः कान-नाक-घशाचा डॉक्टर. लागूही त्याच शाखेतले सर्जन, आफ्रिकेत टांझानियातही त्यांनी काम केलेलं. डॉक्टरकी सोडून नट झाले, असं लोक एका वाक्यात सांगून मोकळे होतात, ते मला पटत नाही. पुण्यात भालबा केळकरांच्या पीडीए या नाट्यसंस्थेत ते कितीतरी वर्षं दवाखाना सांभाळून नाटक करत होते. पूर्णवेळ रंगभूमीवर आले ते 1969 साली, चाळिशी उलटल्यावर. लगेच पुढच्या वर्षी डिसेंबरात 'नटसम्राट'. घशावर एवढा ताण देणारी भूमिका घसा जाणणाऱ्या माणसाने केली, याचं मला फार अप्रूप आहे.

निपाणी
'पिंजरा' सिनेमातला मास्तर आणि 'सामना' सिनेमातला मास्तर. दोन्ही लागू, दोन्ही मोडलेली माणसं, पण एकाची सावलीसुद्धा दुसऱ्यावर नाही. 'सामना'त समोर निळू फुले. ती दोघं समोरासमोर आली की आमची आई हातातलं काम ठेवून द्यायची.

चिकोडी
आमचं घर माळकरी. देवाला रिटायर करा असं उघड म्हणणारा हा माणूस वडिलांना अजिबात चालायचा नाही. पण सामाजिक कृतज्ञता निधीसाठी नामवंत नटांनी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग केले, गावोगावच्या कार्यकर्त्यांना मानधन मिळावं म्हणून, हे कळल्यावर वडील म्हणाले, "देव मानत नाही, खरं काम देवाचंच करतोय." डॉक्टरांना हे वाक्य आवडलं नसतं. मला दोघंही बरोबर वाटतात.

टिळकवाडी, बेळगाव
शेजारच्या अक्का कन्नड बोलणाऱ्या. 'नटसम्राट'ची सीडी आम्ही एकत्र बघितली. सुरुवातीला मी अर्थ सांगत होते. मुलगी आईबापांवर चोरीचा संशय घेते तिथं त्यांनी मला हातानंच गप्प केलं. 'हिमालयाची सावली' हे नाटक मात्र मला बघायला मिळालं नाही. त्यातले लागूंचे नानासाहेब भानू कुणी रंगमंचावर बघितले असतील, तर सविस्तर लिहा.